जुनी पिकअप: बॅटरी नवी, तरी सेल्फ घेत नाही आणि लाइट मंद

दिंडोरी_पिकअप

२००९ ची डिझेल पिकअप. १२ व्होल्ट, जुना मेकॅनिकल पंप, इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. बॅटरी ८० एएच (अँपिअर-तास), दहा महिन्यांची. टोमॅटोचा सीझन चालू आहे, रोज पिंपळगाव बसवंतच्या मार्केटची फेरी असते, त्यामुळे गाडी चार दिवस गॅरेजला सोडता येत नाही.

तक्रारी अशा. सकाळी सेल्फ मारला की नुसता टक् आवाज, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कण्हत फिरतो. दोन दिवस उभी राहिली की धक्का. आयडलला हेडलाइट पिवळट, रेस दिली की थोडे उजळतात. लाइट चालू असताना हॉर्न दाबला की मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतो. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटरही मंद पेटतो. डिझेलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे हल्ली वर वर दाखवतात.

एका ठिकाणी डायनॅमो (चालू गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर) बदला म्हणाले, दुसरीकडे सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर). दोन्हीला हात लावायच्या आधी विचारतोय. मल्टीमीटर आहे, वापरता येतो.

अंबड_वायरमन

भाऊ, अजून काहीच विकत घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्यापैकी निम्म्या तक्रारी अर्थच्या (बॉडी-चेसिसमधून बॅटरीच्या मायनसकडे परत जायच्या वाटेच्या) वाटतात, पण अंदाजावर पाना चालवायचा नाही. आधी आकडे काढा.

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी काहीही चालू करायच्या आधी बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर मीटर लावा. क्लॅम्पवर नको, खुंटीवरच. १२.६ च्या पुढे असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. रात्रभर थांबणं शक्य नसेल तर इंजिन बंद करून हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, पाच-दहा मिनिटांनी मोजा. नाहीतर चार्जिंगचा वरवरचा चढ दिसतो आणि अर्धी बॅटरी भरलेली वाटते.

मग सेल्फ मारून बघायचं, पण गाडी चालू होऊ द्यायची नाही. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढा, तिच्या टोकाला टेप मारा म्हणजे बॉडीला लागणार नाही. काही जुन्या पंपांना सोलेनॉइड नसतो, केबल ओढून इंजिन बंद करतात. तसं असेल तर केबल ओढून धरायला माणूस लागेल. पाच सेकंद सेल्फ मारा आणि तेवढ्यात बॅटरीच्या खुंट्यांवरचं व्होल्टेज बघा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी भरलेली नाही किंवा गेलेली आहे. दहाच्या वर टिकलं आणि तरीही सेल्फ कण्हत असेल, तर बॅटरी निर्दोष. चोर वाटेत आहे किंवा सेल्फमध्ये.

दोन वेळच्या मधे एक मिनिट थांबा, सेल्फ तापतो.

सातपूर_बेंच

वायरमन दादांनी सांगितलं त्याला जोडून. वाटेतला चोर पकडायची रीत म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, वाटेत किती व्होल्ट हरवतात ते मोजणं. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचं आणि करंट वाहत असतानाच मोजायचं.

सेल्फ चालू असताना:
लाल प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटीवर, काळा सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं.
लाल प्रोब सेल्फच्या बॉडीवर (रंग खरवडून), काळा बॅटरीच्या मायनस खुंटीवर. ०.२ ते ०.३ च्या आत हवं.
सेल्फचा बोल्ट ते सेल्फची बॉडी. हे सेल्फला खरोखर मिळणारं व्होल्टेज.

इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, रेस साधारण १५०० वर धरून हेच डायनॅमोला करा: डायनॅमोचा बी प्लस (चार्जिंगची जाड वायर लागते तो बोल्ट) ते बॅटरी प्लस, डायनॅमोची बॉडी ते बॅटरी मायनस, आणि बी प्लस ते डायनॅमोची बॉडी.

कंटिन्युइटीची 'बीप' वाजवून वायर चांगली ठरवू नका. पन्नास तारांच्या वायरीत एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते. ओहमवर मोजूनही कळत नाही, कारण सेल्फ २०० अँपिअर ओढतो तेव्हा ०.०१ ओहमचा गंजसुद्धा २ व्होल्ट खातो, आणि साध्या मीटरला ०.०१ ओहम दिसत नाही. म्हणून भार टाकूनच मोजायचं. याला पर्याय नाही.

गोदाकाठ

एक कळकळीची विनंती. डायनॅमो तपासायला "गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढ, बंद पडली तर डायनॅमो गेला" असं कोणी करायला लागलं तर हात धरा. बॅटरी सुटली की डायनॅमोचं व्होल्टेज क्षणात कितीतरी वर उसळतं. डायोड प्लेट, कटआऊट (डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा भाग), गाण्यांचा टेप, जे जोडलेलं असेल ते जळू शकतं. चांगला डायनॅमो त्या एका तपासणीत मरतो आणि मग "बघा, म्हटलं होतं ना" असं ऐकावं लागतं.

दिंडोरी_पिकअप

आज सगळं मोजलं.

सकाळी बॅटरी १२.३१.
सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४. प्लस बाजूचा ड्रॉप ०.३५. मायनस बाजूचा १.९. सेल्फला मिळतात ८.१५.
इंजिन चालू, लाइट-ब्लोअर चालू: डायनॅमोवर १४.२, बॅटरीवर १३.०. प्लस बाजूला ०.९५, मायनस बाजूला ०.२५.

सातपूर_बेंच

फार नीट मोजलंत. बेरीजही जुळते: १०.४ मधून ०.३५ आणि १.९ गेले की ८.१५ उरतात. बेरीज जुळली नाही तर प्रोब कुठेतरी रंगावर टेकलाय असं समजायचं.

आता वाचू या. डायनॅमो स्वतः १४.२ देतोय, म्हणजे त्याचा कटआऊट आणि कॉइल ठीक. १३.८ ते १४.४ मध्ये असलेला डायनॅमो बदलायचं कारण नाही. १४.८ च्या वर गेला असता तर कटआऊटवर संशय घेतला असता. मग बॅटरीचं पाणी उकळतं आणि बल्ब सारखे जातात. तुमचं तसं नाही.

मायनस बाजूचे दोन आकडे शेजारी ठेवा. सेल्फ अशा इंजिनला अंदाजे १९० अँपिअर ओढतो, तिथे १.९ व्होल्ट. डायनॅमो लाइट-ब्लोअरवर अंदाजे २५ अँपिअर देतोय, तिथे ०.२५. दोन्हीकडून रेझिस्टन्स ०.०१ ओहमच येतो. म्हणजे दोन्ही करंट एकाच खराब जागेतून जातायत. इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थ पट्टी. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॅटरीच्या मायनसकडे जायला तीच वाट. गिअरबॉक्स किंवा क्लच काढला तेव्हा ती परत नीट लागली नसेल, किंवा जाळीची पट्टी आतून गंजली असेल. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते का बघा. पट्टी गेली की करंट केबलमधून वाट काढतो आणि केबल आतून चिकटायला लागते.

प्लस बाजूचं ०.९५ वेगळं दुखणं आहे, ते बी प्लसच्या वायरीचं.

अंबड_वायरमन

पट्टी अशी करा. ३५ स्क्वेअर एमएमची मऊ तांब्याची वायर, दीड फूट पुरते. इंजिन हलतं म्हणून थोडी ढिली ठेवायची. दोन्ही टोकांना तांब्याच्या थिंबल (बोल्टात अडकवायच्या कड्या), हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेल्या. हातोड्याने ठोकलेली थिंबल सहा महिन्यांत आतून हिरवी होते. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत पॅनेलचं काम करणाऱ्याकडे क्रिम्पर असतोच, पाच मिनिटांचं काम.

एक टोक गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगच्या बोल्टखाली, दुसरं चेसिसवर बॅटरीची मायनस वायर जिथे येते त्याच बोल्टला. दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. दातेरी वॉशर टाका, घट्ट करा आणि नंतर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली. आधी ग्रीस लावून वर थिंबल ठेवू नका.

काम करताना बॅटरीची मायनस आधी काढायची, प्लस नंतर. जोडताना उलट. प्लसवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर मायनस लागलेली नसावी, एवढंच त्यामागचं कारण.

बी प्लसची वायर डायनॅमोपासून बॅटरीपर्यंत हाताने चाचपत या. वाटेत फ्युजिबल लिंक (फ्यूजचं काम करणारा वायरीचा तुकडा) असते. दिसायला साध्या वायरीसारखी, पण हलकेच ताणली आणि रबरासारखी लांबली तर आतलं तांबं अर्धवट जळालेलं आहे. शिवाय डायनॅमोच्या टोकाची थिंबल बघा. इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालं असेल तर तिथेच उष्णता होतेय. थेट नवी वायर ओढणार असाल तर ६५ अँपिअरपर्यंतच्या डायनॅमोला १६ स्क्वेअर एमएम, आणि बॅटरीजवळ ८० अँपिअरचा बोल्टचा फ्यूज. हा फ्यूज वगळू नका. वायर इंजिनजवळून जाते, कुठे घासून बॉडीला लागली तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका जागी येते.

वाघेरे_लाइटवाला

लाल दिवा का मिणमिणतो तेही यातच आहे. त्या दिव्याच्या एका टोकाला इग्निशन स्विचकडून व्होल्टेज येतं, दुसऱ्या टोकाला डायनॅमोकडून. दोन्ही सारखे असले की दिवा विझलेला. डायनॅमो १४.२ देतोय आणि स्विचकडे पोचतायत १२.७ किंवा १२.८, म्हणजे दीड व्होल्टचा फरक. अंधारात तेवढ्यात दिवा मिणमिणतो, आणि हॉर्नसारखा भार पडला की फरक वाढतो. डायनॅमो बिघडल्याची खूण म्हणून याकडे लगेच बघू नये.

हाच बल्ब उडाला तर उलट घोटाळा होतो. बऱ्याच जुन्या डायनॅमोंना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब गेला की गाडी चालू केल्यावर चार्जिंग होत नाही, जोरात रेस दिल्यावर कधीतरी पकडतं. चावी ऑन केल्यावर तो दिवा पेटतो का, हे रोज बघायची सवय ठेवा.

दिंडोरी_पिकअप

केबल खरंच गरम लागते. पट्टीचं एक टोक नुसतं लोंबत होतं, बोल्टच नाही. उद्या बसवतो. पण दोन दिवसांत बॅटरी उतरते ती या पट्टीमुळे नाही ना? आणि टेललाइटचं?

सातपूर_बेंच

नाही, ते वेगळं. उभ्या गाडीत करंट कोण पितंय ते शोधायचं. बॅटरीची मायनस काढा, मीटर १० अँपिअरवर (लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात), एक प्रोब काढलेल्या वायरीला, एक मायनस खुंटीला. चावी बंद, दारं बंद, केबिनचा दिवा काढलेला. मीटर लावलेलं असताना चावी फिरवायची नाही, हेडलाइट लावायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल.

अशा गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. जास्त असेल तर फ्यूज एकेक करून उपटा, आकडा कुठे पडतो ते बघा. सगळे उपटूनही पडला नाही तर डायनॅमोची बी प्लस काढून बघा, डायोड गळत असेल तर तिथे पडेल. बी प्लस काढल्यावर तिचं टोक झाकायला विसरू नका, ते थेट बॅटरीला लागलेलं असतं.

दिंडोरी_पिकअप

०.४१ अँपिअर! फ्यूज सगळे काढले, ०.४० राहतात. बी प्लस काढली तरी तेवढेच.

अंबड_वायरमन

मग बॅटरीच्या प्लस क्लॅम्पला थेट अडकवलेली एखादी जास्तीची वायर शोधा. टेपचा ॲम्प्लिफायर, हौद्यातले एलईडी, जीपीएस, कंप्रेसर हॉर्न. फ्यूज बॉक्स वगळून जोडलेलं असतं म्हणून फ्यूज उपटून सापडत नाही.

०.४ अँपिअर म्हणजे ४८ तासांत १९ एएच. ८० ची बॅटरी भरलेली असती तर पाव उतरली असती आणि सेल्फ तरी फिरला असता. पण १३.० व्होल्टवर ती कधी पूर्ण भरतच नव्हती. अर्ध्या बॅटरीतून पाव गेलं, वर सेल्फच्या वाटेत दोन व्होल्टची चोरी. तीन छोटी दुखणी मिळून एक मोठं झालं.

दिंडोरी_पिकअप

ॲम्प्लिफायरच निघाला. त्याला चालू करणारी बारीक वायर टेपकडे जायच्या ऐवजी त्याच्याच प्लसला पिळून वर चिकटटेप मारला होता.

वाघेरे_लाइटवाला

ती वायर टेपच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला जोडा, म्हणजे टेप बंद झाला की ॲम्प बंद. आणि ॲम्पच्या प्लसला बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज टाका.

टेललाइट: डाव्या दिव्याच्या अर्थची वायर तुटलेली किंवा गंजलेली आहे. ब्रेकच्या बल्बचा करंट बॉडीत जायची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या इंडिकेटरच्या तारेतून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या वायरीने पुढच्या डाव्या दिव्याकडे जातो आणि तिथल्या अर्थला उतरतो. वाटेतले दोन्ही बल्ब मंद पेटतात. टेललाइटची अर्थ हौद्याच्या पत्र्याला देऊ नका. हौदा चेसिसवर रबर-लाकडाच्या पट्ट्यांवर बसलेला असतो आणि रंग चढलेला. दीड स्क्वेअर एमएमची काळी वायर थेट चेसिसच्या बोल्टवर न्या.

होल्डर उघडून आतली पितळी पट्टी बघा. मार्केटवरून आल्यावर हौदा पाइपाने धुतात, ते पाणी मागच्या सॉकेटमध्ये बसतं. वायर सोलल्यावर तांबं काळं-हिरवं असेल तर लाल-चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, काळ्या तारेवर जोड देऊ नका. जोड क्रिम्पने, वरून आत डिंक असलेली हीट श्रिंक. पिळून टेप मारलेला जोड इगतपुरीच्या एका पावसाळ्यात संपतो.

गोदाकाठ

दोन्ही काटे एकदम वर म्हणजे दोन्ही सेन्सर एकदम बिघडले असं सहसा होत नाही. जुन्या मीटरमध्ये मागे एक छोटा स्टॅबिलायझर असतो, दोन्ही काट्यांना १२ च्या ऐवजी ठरलेलं कमी व्होल्टेज देतो. त्याची अर्थ सुटली की तो पूर्ण बॅटरी व्होल्टेज सोडतो आणि दोन्ही काटे चढतात. मीटरच्या मागची काळी वायर आणि स्टॅबिलायझरचा स्क्रू बघा. एकच काटा चुकत असेल तर मात्र सेन्सर किंवा त्याची वायर. आणि काटे दुरुस्त होईपर्यंत टेंपरेचरच्या काट्यावर विसंबू नका, पाण्याची टाकी बघत चला.

घाटवाटा_इगतपुरी

याच धाग्यात विचारतो. आमच्या गाडीचा सेल्फ झकास फिरतो पण पावसात कसाऱ्याच्या घाटात बंद पडली की अर्धा तास चालू होत नाही. डिझेल आहे, हवा घेतलेली नाही.

सातपूर_बेंच

चावी ऑन-ऑफ करताना पंपाजवळ कान द्या. स्टॉप सोलेनॉइडचा टक् आवाज आलाच पाहिजे. नसेल तर त्याच्या वायरीवर चावी ऑन असताना मोजा, बॅटरीइतकेच व्होल्ट हवेत. वायरीत आहेत आणि टक् नाही, तर सोलेनॉइड. वायरीतच नाहीत, तर फ्यूज, मग इग्निशन स्विच, मग फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) हारनेस (वायरींचा जुडगा) येतो तिथलं रबर ग्रॉमेट. ग्रॉमेट फाटलं की पत्र्याच्या धारेवर वायर कापली जाते आणि ओली झाल्यावरच खोड काढते.

अडलात तर बॅटरीच्या प्लसवरून ५ अँपिअरचा फ्यूज घालून सोलेनॉइडला तात्पुरती वायर देता येते. पण लक्षात ठेवा, मग चावी बंद केली तरी इंजिन बंद होणार नाही. वायर काढावी लागेल. घरी पोचेपर्यंतच.

वाघेरे_लाइटवाला

दिंडोरी दादा, हेडलाइटलाही रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे अप्परला १० अँपिअर, आणि ते सगळे डॅशबोर्डच्या स्विचमधून, १५ वर्षांच्या बारीक वायरीतून. बल्बच्या सॉकेटवर मोजा. व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड जवळपास ३० टक्के उतरतो. म्हणून लोक १०० वॅटचे बल्ब टाकतात, स्विच वितळतो आणि उजेड तेवढाच.

दोन रिले, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीवरून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज, ती रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून बल्बला २.५ चीच. जुनी हेडलाइटची वायर आता फक्त ८६ ला जाईल, ८५ अर्थला. काही गाड्यांत स्विच प्लसऐवजी अर्थ तोडतो. जोडायच्या आधी सॉकेटवर टेस्ट लॅम्पने खात्री करा, मग ८५-८६ त्याप्रमाणे.

अंबड_वायरमन

आणि ज्यांच्या हौद्याला जाळी किंवा अँगल वेल्डिंग करायचाय त्यांनी आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि डायनॅमोचं सॉकेट काढा. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा, नाहीतर तो करंट याच अर्थ पट्ट्यांतून धावतो.

दिंडोरी_पिकअप

सगळं झालं. ३५ ची पट्टी, १६ ची चार्जिंग वायर फ्यूजसकट (फ्युजिबल लिंक खरंच ताणली जात होती), टेललाइटची अर्थ चेसिसवर, ॲम्पची वायर टेपला. स्टॅबिलायझरचा स्क्रू ढिला होता. डायनॅमो आणि सेल्फ जुनेच.

सेल्फ मारताना बॅटरीवर १०.५, मायनस ड्रॉप ०.१५, प्लस ०.३, सेल्फला १०.०५. लाइट-ब्लोअरवर डायनॅमो १४.२५, बॅटरी १४.०५. उभ्या गाडीचा करंट ०.०३. रिले पुढच्या रविवारी.

बॅटरी मात्र सकाळी १२.३८ च्या वर जात नाही.

सातपूर_बेंच

आकडे छान आहेत. महिनोन् महिने अर्धी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट बसतं, गाडीवरच्या चार्जिंगने ते लवकर निघत नाही. बाहेरच्या चार्जरवर ८ अँपिअरने दहा-बारा तास लावा, झाकणं उघडी, मोकळ्या हवेत, जवळ बिडी-काडी नाही. आधी फक्त प्लेट बुडतील एवढंच डिस्टिल्ड पाणी, पूर्ण भरणं चार्जिंगनंतर. मग हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायच्या नळीने) सहाही सेल मोजा. सगळे १.२४० च्या पुढे आणि एकमेकांच्या जवळ असतील तर बॅटरी वाचली. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली राहिला तर तो सेल गेला. मग थंडीच्या आत बदला, निफाडकडे पारा पाच-सहावर आला की तीच बॅटरी पहाटे दगा देईल.

दिंडोरी_पिकअप

आज रात्री चार्जरला लावतो. सहाही सेलचे आकडे उद्या इथेच टाकतो.